कल्याण ते देवाचा दरबार : रे. ना. वा. टिळकांची प्रार्थनायात्रा

मराठी काव्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची नोंद प्रामुख्याने फुलामुलांचे कवी म्हणून केली जाते. पाठ्यपुस्तकांनी हे बिरुद रूढ केले आणि अध्यापकांनी ते निमूटपणे स्वीकारले. त्यांच्या ख्रिस्ती रचना मात्र धार्मिक वाङ्मय या वेगळ्या खणात ठेवल्या गेल्या. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात टिळकांची निसर्गकविता शिकवीत असता एका विद्यार्थिनीने सांगितले, की टिळकांची कितीतरी भजने तिला लहानपणापासून पाठ आहेत. परंतु अभ्यासक्रमातील कवी तो हाच, हे तिला त्या दिवशी प्रथम कळले. आपल्या वाङ्मयेतिहासाने एका माणसाचे दोन तुकडे किती बेमालूमपणे केले आहेत, याचा हा पुरावाच होय. प्रस्तुत लेखात टिळकांचे चरित्र त्यांच्या प्रार्थनेच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. फुलाशी बोलणारा आणि ख्रिस्ताशी बोलणारा कवी एकच आहे, व या दोन्ही बोलण्यांमागे संबोधनाची एकच वृत्ती आहे, अशी प्रस्तुत लेखिकेची धारणा आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई मृदू स्वभावाच्या व काव्याची ओढ असलेल्या होत्या. टिळकांचे प्राथमिक शिक्षण 1869 ते 1873 या काळात कल्याण येथे झाले. आमच्या भागातील फारच थोड्या वाचकांना हे ठाऊक असते. कल्याणपर्यंत आगगाडी येऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती आणि मुंबईतील विचारांचे वारे त्या गावापासून दूर नव्हते. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1867 मध्ये, मुंबईत प्रार्थनासमाजाची स्थापना झाली होती आणि इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामाच्या गाथेची शासनाश्रयाने सिद्ध झालेली आवृत्ती बाहेर पडत होती. तिचा पहिला खंड 1869 चा आणि दुसरा 1873 चा. टिळकांच्या कल्याणातील शिक्षणाची वर्षे नेमकी हीच. हा केवळ योगायोग आहे व त्यावर कोणताही सिद्धांत उभारणे योग्य ठरणार नाही. परंतु टिळकांची पिढी ज्या हवेत वाढली तिचा अंदाज यावरून येतो. अभंग हा फडावरून व देवळातून छापील पानावर आणि तेथून सुशिक्षितांच्या उपासनेत येऊ लागला होता. प्रार्थना हा शब्दही याच काळात सामुदायिक उपासनेचे नाव म्हणून मराठीत स्थिरावत होता. जुन्या भक्तांच्या तोंडी धावा, करुणा, विनवणी हे शब्द अधिक असत. मागण्याचा अर्थ असलेल्या या संस्कृत शब्दाला पुढे टिळकांनी कोणता आशय दिला, हे आपणांस पाहावयाचे आहे.

कल्याणचा काळ संपता संपता आईचे छत्र हरपले आणि घराशी असलेला धागाही तुटल्यासारखा झाला. मुलगा नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने दोन वर्षे संस्कृत काव्याचे अध्ययन केले आणि नंतर इंग्रजी शाळेत थोडेफार शिक्षण घेतले. 1880 मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच पुढे स्मृतिचित्रेकर्त्या म्हणून अमर झालेल्या लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची दहा-बारा वर्षे भटकंतीची होती. शिक्षक, पुराणिक, कवी अशी अनेक कामे त्यांनी अनेक गावी केली, आणि एकातही ते फार काळ रमले नाहीत. 1891 च्या सुमारास नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांना मिळाले. ऋषी या धर्मविषयक मासिकाचे संपादनही त्यांनी केले. जातिभेद नसलेल्या, एका ईश्वराला मानणाऱ्या धर्माची कल्पना या काळात त्यांच्या मनात घोळत होती. म्हणजेच टिळक ख्रिस्ताकडे वळले ते श्रद्धाहीनतेच्या पोकळीतून नव्हे. प्रार्थनेची तहान आधीच होती. जिला उद्देशून प्रार्थना करावी ती व्यक्ती मात्र सापडली नव्हती.

ती सापडली आगगाडीच्या डब्यात. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असता एका पाश्चात्त्य मिशनऱ्याची गाठ पडली. बोलणे संस्कृत काव्यापासून सुरू झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी दिलेल्या शब्दाला जागून ते पुस्तक वाचावयास घेतले. सुरुवातीचे वाचन कोरडे झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र पुस्तक खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले.

या घटनेचा उल्लेख प्रत्येक चरित्रलेखात येतो. परंतु त्या प्रवचनाच्या ऐन मध्यभागी प्रार्थनेविषयीची शिकवण आहे, इकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नये, खोलीचे दार लावून एकांतातील पित्याशी बोलावे. शब्दांचा पसारा मांडू नये, कारण मागण्यापूर्वीच त्याला आपली गरज ठाऊक असते. आणि क्षमा मागणाऱ्याने आधी क्षमा केलेली असावी. प्रभूची म्हणून ओळखली जाणारी प्रार्थनाही येथेच येते. संतवाङ्मयात वाढलेल्या मनाला यातील कोणती गोष्ट परकी वाटली असेल? दंभाचा निषेध तुकारामाने याहून तिखट केला होता. नवीन होते ते परमेश्वराला पिता म्हणण्याबरोबरच शत्रूसाठी प्रार्थना करण्याचे बंधन घालणे. टिळकांसारख्या तापट माणसाला, ज्याचे वडिलांशी कधी पटले नाही, हे दोन्ही शब्द जड गेले असल्यास नवल नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही वार्ता कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. मुलगा दत्तू लहान होता. त्यानंतरची चार-पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली, आणि त्या काळातील काही दिवस लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात काढले. विठ्ठलाच्या गावी पत्नी आणि नगरच्या ख्रिस्ती मंडळीत पती, अशा या दुराव्याने टिळकांच्या प्रार्थनेला जो विरहाचा स्वर दिला तो पुढे कधीच गेला नाही. भक्तिकाव्यातील विरह हा पुष्कळदा संकेत असतो. टिळकांच्या बाबतीत त्याला घरचा पत्ता होता. उभयतांची पुन्हा एकत्र राहावयास सुरुवात झाली तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही. त्यांची चूल वेगळी राहिली. टिळकांनी सक्ती केली नाही. ईश्वराने माणसे निर्माण केली की जाती, हा विचार एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात आपसूक उभा राहिला आणि त्यांनी सर्वांच्या हातचे खाण्याचा निश्चय केला, असे स्मृतिचित्रांवरून दिसते. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. प्रार्थनेचे सामर्थ्य म्हणजे चमत्कार, असे मानणाऱ्यांना हा प्रसंग फिका वाटेल. टिळकांच्या जीवनात ते सामर्थ्य प्रथम दिसते ते वाट पाहण्याच्या रूपाने.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत टिळक शिकवू लागले, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि 1912 पासून अखेरपर्यंत ते ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादक होते. या वर्षांतील त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे मराठी उपासनेची भाषा बदलणे. मिशनच्या प्रार्थनामंदिरांत तेव्हा बव्हंशी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गायिली जात. कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींची वाट टिळकांपूर्वीच दाखविली होती, व त्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, पदे, भजने, आरत्या आणि ख्रिस्ती कीर्तन असा सारा वारकरी व हरिदासी साज त्यांनी प्रार्थनामंदिरात आणला. उपासनासंगीत या गीतसंग्रहात त्यांच्या दोनशेहून अधिक रचना समाविष्ट झाल्या. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचा त्यांचा कबुलीजबाब सर्वश्रुत आहे.

या कबुलीजबाबाचा अर्थ बहुधा ढोबळपणे लावला जातो. तुकाराम हे साधन व ख्रिस्त हे साध्य, असे समीकरण मांडून काहींनी त्यावर संतोष मानला आहे तर काहींनी रोष धरला आहे. काव्याच्या पातळीवर पाहिल्यास वेगळेच काही हाती लागते. पतित, शरण, कृपा, नाम, माउली हे शब्द टिळकांना घडवावे लागले नाहीत. ख्रिस्ती प्रार्थनेला लागणारी पापाची कबुली व कृपेची याचना संतांच्या अभंगात शब्दांसह सिद्धच होती. उणीव होती ती मूर्तीची. वारकऱ्याचा देव विटेवर उभा आहे. त्याचे कर कटीवर आहेत, पाय सम आहेत. नुसत्या वर्णनानेही तो समोर येतो. प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिराच्या भिंती कोऱ्या असतात. तेव्हा मूर्तीने करावयाचे काम टिळकांच्या रचनेत संबोधनाला करावे लागले. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, सखा म्हणतात, राजा म्हणतात आणि वारंवार आई म्हणतात. पित्याच्या धर्मात शिरून त्यांनी आपली हरवलेली आई शोधली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु माउली हे संबोधन ज्ञानदेवांपासूनचे असल्यामुळे हा मोह आवरलेला बरा. एवढे मात्र खरे, की त्यांच्या उत्तरकालीन अभंगांत, विशेषतः अभंगांजलीत, मागणे कमी होत जाते आणि सहवास वाढत जातो. मिशनरी परिपाठातील प्रार्थना म्हणजे स्तुती, पापांगीकार, याचना, उपकारस्तुती अशी क्रमवार मांडणी. टिळकांच्या अभंगात हा क्रम विरघळतो. उरते ते बोलणे, आणि कधी कधी केवळ जवळ बसणे.

आणखी एक बाब नोंदविणे अगत्याचे आहे. नगर जिल्ह्यातील मिशनच्या मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. एका ब्राह्मण कवीने आपला वारसा त्यांच्यावर लादला, असा आक्षेप येथे घेता येईल. संस्कृतप्रचुर पदांपुरता तो विचारात घ्यावा लागेल. अभंगाच्या बाबतीत तो टिकत नाही. चोखामेळ्याचा अभंग या समाजांचा स्वतःचा होता आणि भजनाची परंपरा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. परक्या चालींनी जे त्यांच्याकडून काढून घेतले होते ते टाळमृदंगासह परत आले, असेच म्हणावे लागेल.

टिळकांच्या श्रद्धेचे गुणगान करताना घराकडे डोळेझाक करता येत नाही. देव पुरवील या विश्वासाने ते हाती आलेला पैसा वाटून टाकीत. अनाथ मुले घरी आणीत. आणि उद्याची चूल कशी पेटणार, हा प्रश्न लक्ष्मीबाईंकडे राही. लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाने सांगितले असले तरी त्या विनोदाखालचा व्याप वाचकाने विसरू नये. पतीच्या प्रार्थनेचे उत्तर अनेकदा पत्नीच्या कष्टांतून येत होते. मात्र त्या घराचे दार खरोखरच उघडे होते. तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, त्या कुटुंबात मुलासारखे राहिले, तेथे त्यांची कविता वाढली आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांची प्रार्थना कोणाला आत घेताना आधी नाव-गाव विचारीत नव्हती, याचे यापेक्षा चांगले उदाहरण देता येणार नाही.

हाच उघडेपणा 1917 मध्ये निर्णयाला पोहोचला. टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचे ठरविले आणि सातारा येथे देवाचा दरबार या बंधुसमाजाचा प्रारंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. हे पाऊल सोपे नव्हते. बाप्तिस्मा हे मंडळीच्या सभासदत्वाचे दार. त्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांना प्रार्थनेत बरोबरीचे स्थान देणे म्हणजे संस्थेच्या पायालाच हात घालणे होते. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी संसाराची राखरांगोळी पत्करली त्यानेच बावीस वर्षांनी तो संस्कार प्रार्थनेच्या सोबतीसाठी आवश्यक न मानावा, यात विसंगती आहे काय? ती आहे असे मानणारे त्यांच्या हयातीतही होते. प्रस्तुत लेखिकेला मात्र येथे वारीची स्मृती जाणवते. दिंडीत चालणाऱ्याला कोणी प्रवेशपत्र मागत नाही. दरबार हा शब्द राजाचा असला तरी टिळकांच्या मनातील त्याचे रूप फडासारखे होते.

दरबाराला आयुष्य फार लाभले नाही. साताऱ्यातील दोन वर्षांतच टिळकांची प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले. ख्रिस्ती समाजाच्या तत्कालीन रूढीला हे सोडूनच होते. 1909 मध्ये आरंभिलेले ख्रिस्तायन अपूर्ण राहिले. फादर स्टीफन्स यांच्या 1616 सालच्या ख्रिस्तपुराणानंतर ओवीत ख्रिस्तचरित्र सांगण्याचा हा मोठा प्रयत्न होता. तो तडीस नेला एकेकाळी पंढरपुरात बसून पतीच्या धर्मांतरासाठी रडलेल्या लक्ष्मीबाईंनी. शालेय शिक्षण नसलेल्या या स्त्रीने चौसष्ट अध्याय लिहिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.