अडगळीतली कला जपणारे काका केलकर

पुण्यातल्या राजा केलकर संग्रहालयाला नाव आहे ते एका लहान मुलाचं. दिनकर गंगाधर केलकर (१८९६–१९९०), म्हणजे सगळ्यांचे काका, चष्म्याचं दुकान चालवायचे आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. मुलगा राजा लहानपणीच गेला.

काका पदरमोड करून गावोगाव फिरले. देवघरातल्या समया, लामणदिवे, वाड्यांची कोरीव दारं, अडकित्ते असं बरंच काही जमवलं. पत्नी कमलाबाईंची साथ होती. यातलं कितीतरी भंगारातच गेलं असतं. घडवणाऱ्या तांबट-सुतारांची नावं कुणी लिहून ठेवली नव्हती, त्यांची कारागिरी तेवढी काकांमुळे टिकली.

२०,००० च्या आसपास वस्तूंचा हा संग्रह त्यांनी राजाच्या नावानं केला आणि राज्य सरकारच्या हवाली केला. घरातली जुनी समई मोडीत घालण्याआधी तो एकदा बघून यावा.