जँगोची दोन बोटं

गेल्या पावसाळ्यात मी गिटार शिकायला लागले. वय वर्षं सेहेचाळीस! लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची गिटार कपाटावर धूळ खात पडली. विकायचा विचार होता, पण गिऱ्हाईक काही मिळेना. मग म्हटलं, आपणच वाजवून बघू. घरातले सगळे पोटभर हसले.

पहिल्याच आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांची टोकं अशी हुळहुळी झाली, की कणीक मळताना त्यातलं मीठसुद्धा झोंबायचं. पोलादी तारा त्या, दाबल्या की बोटावर चर उठतो. त्याचं काही वाटलं नाही. रोज थोडं थोडं वाजवलं की काही आठवड्यांत टोकांना घट्टे पडतात आणि ते दुखणं कमी होतं. पण मग 'एफ' नावाची कॉर्ड आली. तिच्यात पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या. सूर काही निघेना. क्लासमधला मुलगा सांगायचा की आणखी जोर लावा, दुखलं तरी थांबू नका. मी थांबले नाही. दुखलं तरी हातातलं काम टाकायचं नाही, ही आपली सवयच ना! महिन्याभरात मनगटातून अशी कळ यायला लागली की चहाचं पातेलं उचलवेना. डॉक्टरांनी तीन आठवडे गिटारला हात लावायचा नाही, असा दम भरला.

त्या सक्तीच्या सुट्टीत वाचता वाचता मला जँगो राइनहार्ट भेटला. जाझ संगीतातला हा थोर गिटारवादक, आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेली होती.

त्याचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधल्या लिबेर्शी इथे, फिरस्त्या रोमानी कुटुंबात झाला. त्यांच्या जमातीचं नाव मानूश. रोमानी भाषेत या शब्दाचा अर्थ माणूस. या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडूनच, भारतातून तिकडे गेलेले. हे वाचलं आणि तो मला एकदम जवळचा वाटायला लागला. पॅरिसच्या वेशीबाहेर त्यांच्या गाड्यांचा तळ असायचा, तिथे तो वाढला. शाळा जवळजवळ नाहीच. बाराव्या वर्षाच्या सुमारास बँजो हातात आला आणि थोड्याच दिवसांत पोरगा नाचाच्या अड्ड्यांवर वाजवून चार पैसे घरी आणू लागला. अठराव्या वर्षी लंडनच्या बँडचा नामांकित प्रमुख जॅक हिल्टन त्याला ऐकायला आला आणि त्याने नोकरीच देऊ केली.

आणि नेमकी त्याच सुमारास, १९२८ च्या अखेरीस, त्याच्या गाडीला आग लागली.

त्याची बायको बेला सेल्युलॉइडची आणि कागदाची फुलं करून विकायची. घरात बसून जमेल तेवढी कमाई, आपल्या वस्तीतल्या बायका उदबत्त्या वळतात तशी. सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं. रात्री मेणबत्तीची ज्योत लागली आणि गाडीभर फुलं भडकली. दोघंही वाचले, पण जँगोचं अर्धं अंग भाजलं. डॉक्टर उजवा पाय कापायला निघाले होते, त्याने कापू दिला नाही. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र गेली. संस्थेच्या कामानिमित्त मी जळीत वॉर्डात जाते. भाजलेली कातडी कशी आकसते, बोटं कशी तळव्याकडे वळतात आणि तशीच राहतात, ते मी पाहिलंय. हा आता गिटार वाजवू शकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

त्याचा धाकटा भाऊ जोसेफ. त्याने दवाखान्यात नवी गिटार आणून दिली. पुढचे सुमारे दीड वर्ष जँगो बरा होत होता आणि शिकत होता. हे दीड वर्ष मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, त्याने वाकडी बोटं ओढून ताणून सरळ केली असतील. पण तसं नव्हतं. मिळतील त्या बोटांतून त्याने नवी पद्धतच उभी केली. सूर वाजवायचे ते तर्जनी आणि मधल्या बोटाने, मानेवर सरसर वर-खाली धावत. जळलेली बोटं सुटी फिरत नव्हती, पण खालच्या दोन बारीक तारांवर टेकवता येत होती. मग कॉर्डसाठी त्यांचा तेवढाच उपयोग. वरच्या जाड तारेला अंगठा मानेमागून पुढे आणायचा. पुस्तकातल्या कॉर्ड हाताला झेपत नव्हत्या, तर त्याने आपल्या हाताला झेपतील अशा बसवल्या. आज त्याच्यासारखं वाजवायला बघणाऱ्यांना चार धडधाकट बोटं असूनही घाम फुटतो.

पुढे १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर त्याची पंचकडी जमली. तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक मोठा बास. ढोल नाही, पिपाण्या नाहीत. जोसेफही त्यात साथीला होता. युरोपभर नाव झालं. महायुद्ध सुरू झालं तेव्हा मंडळी लंडनमध्ये होती. ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. नाझींनी लाखो रोमानी मारले, त्या काळात हा पॅरिसमध्ये उघडपणे वाजवत होता. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला, तो फसला. १९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेचा दौरा झाला. स्वभावाने लहरी. पैसा जुगारात जायचा, कार्यक्रम सोडून कुठेतरी भटकायला जायचा. बेलाशी तर केव्हाच फारकत झाली होती. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, फुलांपुरती ती येते आणि जाते. मला याचं वाईट वाटलं.

शेवटची वर्षं सेन नदीकाठच्या साम्वा गावात गेली. मासेमारी, चित्रं, बिलियर्ड्स आणि मधूनच पॅरिसला वाजवणं. १६ मे १९५३ रोजी पॅरिसहून परतताना, स्टेशनवरून चालत येऊन तो घराबाहेर कोसळला. मेंदूत रक्तस्राव. वय त्रेचाळीस, माझ्यापेक्षाही तीन वर्षांनी कमी.

तीन आठवडे संपल्यावर मी नव्या क्लासला गेले. तिथल्या बाईंनी आधी माझा हात बघितला. बोट पट्टीच्या अगदी मागे टेकवलं की निम्म्या जोरात सूर लागतो, अंगठ्याने मान आवळायची नाही, एका वेळी पंधरा मिनिटंच वाजवायचं. टोकं चुरचुरली तर चालेल, पण मनगटात किंवा बोटाच्या सांध्यात कळ आली की त्या दिवशी गिटार खाली. तारा त्यांनी नायलॉनच्या लावू दिल्या नाहीत, कारण माझी गिटार पोलादी तारांचीच आहे. पण बारीक तारा बसवून दिल्या.

आणि 'एफ'? तीही बाईंनी धाकटी करून दिली. पहिलं बोट सहाऐवजी खालच्या दोनच बारीक तारांवर आडवं, बाकी दोन बोटं शेजारच्या तारांवर आणि वरच्या दोन जाड तारा वाजवायच्याच नाहीत. परवा संध्याकाळी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये ती पहिल्यांदा स्वच्छ वाजली. तिसरी शिट्टी कधी झाली ते कळलं नाही, डाळ जरा जास्तच शिजली.