नामदार गोखले यांचा गणिताचा वर्ग

नगर–सोलापूर रस्त्यावरील आमच्या मिरजगावच्या बाजारपेठेत हिशेबाला तोटा नाही. दुकानाच्या पायरीवर बसलेला दहा वर्षांचा मुलगा पावणेदोन किलो डाळीचे पैसे गिऱ्हाइकास तोंडी सांगतो आणि सुटे पैसे बिनचूक परत देतो. तेच उदाहरण वहीत लिहिलेले पाहिले म्हणजे मात्र तोच मुलगा पेन्सिल चावीत बसतो. बाप म्हणतो की पोराला गणित येत नाही. गुरुजी म्हणतात की त्याचे वाचन कच्चे आहे. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. गणित आणि भाषा ही दोन निराळी दुखणी समजून त्यांवर निराळे उपचार करणे, हीच येथे मूळ चूक होय. या विषयाचा विचार करिताना आम्हांस एका थोर शिक्षकाचे स्मरण होते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे मुत्सद्दी म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ऐन उमेदीची सुमारे सतरा वर्षे त्यांनी वर्गात शिकविण्यात खर्च केली, हे पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. 1879 साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या विद्याभ्यासासाठी कोल्हापुरास पाठवू लागले. विद्येचे मोल काय असते, हे या मुलास पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्यांच्या शाळकरी वयातील एक कथा चरित्रकार सांगतात. मास्तरांनी घरून करून आणण्यास उदाहरणे दिली होती. एक उदाहरण गोपाळास सुटेना, म्हणून त्याने दुसऱ्याचे साहाय्य घेतले. दुसऱ्या दिवशी सर्व उत्तरे बरोबर असणारा तो एकटाच निघाला व मास्तरांनी त्यास पहिला नंबर दिला. तोंच मुलगा रडू लागला आणि हा नंबर आपला नव्हे असे त्याने कबूल केले. ही कथा प्रामाणिकपणाचा पाठ म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण शिक्षकाने तीत आणखी एक गोष्ट पाहावी. मास्तरांनी केवळ उत्तर तपासले. ते कोणत्या वाटेने आले हे विचारले नाही. मुलगा सत्यवादी नसता तर त्याचे अज्ञान पहिल्या नंबराखाली कायमचे झाकून राहिले असते. आज आमच्या शाळांतून किती अज्ञाने अशी बरोबर उत्तरांखाली झाकलेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोपाळराव बी. ए. झाले. वकिलीचा अभ्यासही त्यांनी सुरू केला होता. आम्ही त्याच धंद्यातले असल्यामुळे ती वाट त्या काळी किती मोहक होती, हे आम्हांस सांगावयास नको. तरी ती सोडून ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन दरमहा पंचाहत्तर रुपयांवर त्यांनी स्वतःस बांधून घेतले.

फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल ते विषय त्यांनी शिकविले, आणि त्यामुळे मागाल त्या विषयाचा प्राध्यापक अशी त्यांची थट्टाही होई. बुद्धीच्या झेपेत टिळक त्यांच्या पुढे होते, असे दोघांचे चाहतेही मान्य करीत. टिळक फळ्याकडे न वळता अवघड उदाहरणे तोंडी सोडवीत व हुशार विद्यार्थी त्यावर लुब्ध होत, असे सांगतात. गोपाळरावांचे बळ तयारीत होते. इंग्रजी ग्रंथांतील उतारेच्या उतारे ते मुखोद्गत करीत. त्यांचे पाठांतर मात्र अर्थावाचून राहिले नाही. पुढे कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना हीच भाषा व हेच आकडे त्यांच्या हातची शस्त्रे झाली.

वर्गातील या कामातूनच त्यांचे अंकगणिताचे पुस्तक जन्मास आले. सहशिक्षक बापट यांच्या साहाय्याने त्यांनी उदाहरणांचा संग्रह केला. टिळकांनी त्यास उत्तेजन दिले, आणि पुढे अनेक देशी भाषांत त्याची रूपांतरे होऊन पिढ्यान्पिढ्या मुले त्यावर शिकली. ज्याने आधी मुलांपुढे उभे राहून शिकविले त्यानेच पुस्तक रचले, ही गोष्ट आम्हांस त्या पुस्तकाच्या खपाहून अधिक मोलाची वाटते.

आता आमच्या दुकानाच्या पायरीवरील मुलाकडे वळू. गोविंदाजवळ रामापेक्षा चार शेळ्या अधिक आहेत, आणि गोविंदाजवळ रामाच्या चौपट शेळ्या आहेत, या दोन वाक्यांत भेद एका शब्दाचा. पण तो शब्द न उमगल्यास पाढे पाठ असूनही उत्तर चुकते. मराठीत तर संख्यांची नावेही मुलास चकवितात. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहावे लागतात; म्हणून लहान मूल 52 लिहून मोकळे होते. 2019 साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात वीस पाच असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. जुने संख्यावाचन टाकावे असे आम्ही म्हणत नाही; पण त्या गदारोळात मुलाची अडचण खरी आहे, एवढे मान्य करण्याचे सौजन्य फार थोड्यांनी दाखविले.

उपाय खर्चाचा नाही. उदाहरण सोडविण्यापूर्वी ते मुलाने स्वतःच्या बोलीत सांगावे. चिंचोक्यांचे दहा-दहांचे गठ्ठे करून पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे व पाच सुटे, हे हाताने पाहावे आणि मगच आकडा लिहावा. उत्तर बरोबर असो वा चूक, ते कसे काढले हे प्रत्येकास विचारावे. पाढे अवश्य पाठ करावे. परंतु सात चोक अठ्ठावीस म्हणजे काय, हे चिंचोके मांडून दाखविता आल्यावाचून पाठांतर पुरे झाले असे समजू नये. वाचनाचेही तेच: धडा घडाघडा वाचणाऱ्यास पुस्तक मिटून त्यातील गोष्ट सांगावयास लावावी.

तथापि उत्तम वर्गही वर्गात बसणाऱ्यासच उपयोगी, हे गोपाळरावांनी जाणले होते. 1902 साली कॉलेज सोडल्यावर देशातील प्रत्येक मूल हाच त्यांचा वर्ग झाला. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कायदेकौन्सिलात मांडले. मागणी बेताचीच होती: स्थानिक संस्थांनी आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांस सक्ती करावी व गरिबांस फी माफ असावी. मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी ते फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी सभासदांबरोबर आमचे काही देशबांधवही होते, हे विसरता कामा नये. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी होण्याआधी, गोपाळराव निवर्तले. त्यांनी मागितले त्याहून अधिक देणारा, सहा ते चौदा वयाच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

कायदा आला, पण हजेरीपटावरील नाव म्हणजे शिक्षण नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या या दुष्काळी भागातून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले अर्धे वर्ष फडावर काढतात आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलास इयत्तेप्रमाणे न बसविता, त्याला जेथवर येते तेथून पुढे शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय, आणि त्यास तेवढी सवड मिळवून देणे हे गावाचे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांस जागा आहेत. त्या केवळ सहीपुरत्या राहू नयेत. ज्या व्यापाऱ्यांची सारी उमर तोंडी हिशेबात गेली त्यांनी आठवड्यातून एक तास शाळेत बसून मुलांकडून हिशेब बोलून घ्यावा. गोविंदरावांनी पंधरांतील आठ रुपये दिले. आमच्या पेठेस एक तास जड जाऊ नये.