जेम्स प्रेस्कॉट जूल

कोल्हापुराहून जोतिबास अगर पन्हाळ्यास मोटारीनें जातांना वाटेंत गाणीं लावण्याची हौस आतां घरोघरीं दिसते. बैठकीखालीं बसविलेल्या अँप्लिफायरच्या पेटीस कोणी हात लाविला तर ती चांगलीच तापलेली आढळते, आणि ती बिघडली अशी शंका येते. बहुधा तसें नसतें. तारेंतून वीज वाहिली कीं उष्णता ही व्हावयाचीच. ती किती व्हावी याचा नियम ज्यांनीं शोधून काढिला, त्या जूल साहेबांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

जूल यांचा जन्म ता. २४ डिसेंबर १८१८ रोजीं मँचेस्टरजवळील सॅलफर्ड येथें झाला. त्यांच्या वडिलांचा बिअरचा कारखाना होता. शाळेच्या अंकांत अशा धंद्याचें नांव यावें हें कित्येक पालकांस रुचणार नाहीं, परंतु त्यास आमचा इलाज नाहीं. कारण त्या धंद्यांत उष्णमान नेमकें राखावें लागतें, आणि थर्मामीटर बारकाईनें वाचण्याची जूल यांची संवय तेथेंच जडली असावी असा आमचा तर्क आहे. बालपणीं प्रकृति नाजूक असल्यामुळें त्यांचें शिक्षण घरींच झालें. १८३४ पासून कांहीं काळ अणुवादाचे प्रवर्तक जॉन डॉल्टन यांजपाशीं ते व त्यांचे वडील बंधु गणित शिकले. विद्यापीठाची पायरी मात्र ते विद्यार्थी म्हणून कधींच चढले नाहींत.

१८४० सालीं त्यांनीं कांचेच्या नळीभोंवतीं तार गुंडाळून ती पाण्यांत बुडविली, तारेंतून वीज सोडिली व पाणी किती तापतें तें मोजिलें. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, तिप्पट केला तर नऊपट. आणि तारेचा रोध जितका अधिक, तितकी उष्णताहि अधिक, असें त्यांस आढळलें. मोटारीची बॅटरी अवघी १२ व्होल्टांची. घरीं २३० व्होल्टांवर जें काम १ अँपिअरांत होतें, त्यास तिच्यावर सुमारें १९ अँपिअर लागतात. म्हणजे तीच तार वापरली तर तींत उष्णता सुमारें ३६० पट व्हावयाची! म्हणून मोटारींत जाड तार घालितात. शिवाय बॅटरीपासून घेतलेल्या शक्तीचा जो भाग स्पीकरपर्यंत पोंचत नाहीं, तो पेटींतील ट्रान्झिस्टरांत उष्णतारूपानें प्रकट होतो. पेटीच्या अंगावरील अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ती उष्णता हवेंत सोडण्यासाठींच असतात. त्यांवर सतरंजी पांघरणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

जूल यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला; तिनें त्याचा सारांश तेवढा छापिला. १८४३ सालीं कॉर्कच्या सभेंत श्रम आणि उष्णता यांचें प्रमाण त्यांनीं मांडिलें, तेव्हां श्रोते मौन धरून बसले. उतरत्या वजनांच्या जोरानें पाण्यांतील वल्हीं फिरवावयाचीं आणि पाणी किती तापतें तें पाहावयाचें, हा प्रयोग त्यांनीं वर्षानुवर्षें केला. फरक एका अंशाच्या लहानशा भागापुरता. म्हणूनच तज्ज्ञांचा विश्वास बसेना. १८४७ सालीं ऑक्सफर्डच्या सभेंत अध्यक्षांनीं त्यांस थोडक्यांत आटोपण्यास सांगितलें. विषय तेथेंच बुडाला असता. परंतु विल्यम थॉमसन या तरुण प्राध्यापकानें, म्हणजे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून गाजलेल्या गृहस्थानें, त्यांत रस घेतला आणि वारें फिरलें. त्याच वर्षीं विवाहानंतर आल्प्स पर्वतांत जूल धबधब्याचें उष्णमान मोजण्यासाठीं थर्मामीटर घेऊन हिंडतांना भेटले, अशी आठवण थॉमसन यांनीं सांगितली आहे. जूल यांच्या हिशेबानें पाणी एक अंश सेल्सिअस तापण्यास तें सुमारें ४२५ मीटर खालीं पडावें लागतें. राउतवाडीच्या धबधब्याखालीं भिजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ती ऊब लागणें शक्य नाहीं.

१८५४ सालीं त्यांची पत्नी निवर्तली. मागें दोन मुलें होतीं. उतारवयांत पैसा आटला, तेव्हां १८७८ सालीं सरकारनें त्यांस सालीना २०० पौंडांचें पेन्शन दिलें. ता. ११ ऑक्टोबर १८८९ रोजीं सेल या गांवीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आंकडा कोरला आहे. एक पौंड पाण्याचें उष्णमान एक अंश फॅरनहाइट वाढविण्यास इतके पौंड वजन एक फूट उतरावें लागतें, असा त्याचा अर्थ. त्याच दगडावर योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायांतील एक वचनहि आहे.