जॉन बनियन व त्याच्या मित्रांचा कौल

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत कित्येक उपदेशक व भगिनी गीतें किंवा गोष्टी लिहून पेटींत बंद करून ठेवितात. कोणी हंसेल या भयानें तीं पाळकांच्याही दृष्टीस पडूं देत नाहींत. अशांसाठीं आम्हीं आज जॉन बनियन याचें चरित्र मुद्दाम निवडिलें आहे.

इंग्लंडांत बेडफर्ड शहराजवळ एल्स्टो नांवाचें खेडें आहे. तेथें इ. स. १६२८ मध्यें तो जन्मला. बाप फुटकीं भांडीं सांधून पोट भरी. मुलानेंही तोच धंदा उचलिला. शाळा लिहितांवाचतां येण्यापुरतीच झाली. लग्न झालें तेव्हां घरांत ताट-चमच्यांचाही अभाव होता. मात्र बायकोनें माहेराहून दोन भक्तिपर पुस्तकें आणिलीं होतीं. पुढें एके दिवशीं बेडफर्डांत कांहीं गरीब बायका दारांत उन्हाला बसून देवानें आपल्या अंतःकरणांत काय केलें याविषयीं बोलत होत्या. तो जवळ जाऊन ऐकत राहिला. त्याच्या लेखणींतील घरगुती गोडी थोडीबहुत या बायकांकडून आली असावी, असें आम्हांस वाटतें.

मंडळीनें त्याला बोलावयास सांगितलें, तेव्हां तो फार लाजला. प्रथम दोन वेळां लहानशा खासगी सभेंतच भीतभीत बोलला. ऐकणारांस लाभ झाला असें त्यांनीं सांगितल्यावर मग चारचौघांत उभा राहिला. १६५६ सालीं त्याचें पहिलें पुस्तक निघालें. लेखक कोणत्याही विद्यापीठांत शिकलेला नाहीं हें न लपवितां पाळक जॉन बर्टन यांनीं त्याला प्रस्तावना जोडिली.

१६६० च्या नोव्हेंबरांत परवानगीवांचून उपदेश केल्याबद्दल त्याला पकडलें. पुन्हां उपदेश करणार नाहीं एवढें वचन दिलें असतें तर सुटका होती; तें त्यानें दिलें नाहीं, व बारा वर्षें तुरुंगांत गेलीं. घरीं बायको व चार मुलें. त्यांपैकीं थोरली मेरी आंधळी. नाड्यांना धातूचीं टोंकें बसवून तो त्यांच्यासाठीं चार पैसे मिळवी.

त्याची प्रसिद्ध यात्रेकरूची कथा बहुतेक तुरुंगांतच सुरू झाली, असें विद्वानांचें मत आहे. तो दुसरेंच एक पुस्तक लिहीत होता. मध्येंच एकामागून एक दृष्टान्त सुचूं लागले, म्हणून ते त्यानें निराळे लिहून काढिले. कोणास दाखवावें हा हेतु नव्हता. रिकाम्या वेळीं मनाचें समाधान व्हावें इतकेंच. शेवटीं त्यानें तें बाड मित्रांपुढें ठेविलें. कांहींनीं छापावें म्हटलें. कांहींनीं साफ नको म्हटलें. भाषा रूपकाची, अर्थ गूढ, कथा कल्पित, असे त्यांचे आक्षेप होते. हे आक्षेप क्षुद्र नव्हते, कारण ते आत्म्याच्या हिताची काळजी वाहणाऱ्या बंधूंचे होते.

बनियननें कोणावर राग धरिला नाहीं, व बाडही जाळिलें नाहीं. पवित्र शास्त्रच दाखल्यांनीं व छायारूपांनीं भरलेलें आहे, असें त्यानें उत्तर दिलें. मतें दुभंगलेलींच आहेत, तर छापूनच खरें काय तें पाहावें. न छापल्यास ज्यांना तें हवें आहे त्यांचा आनंद आपण हिरावून घेऊं, असा विचार त्यानें केला. ही सारी हकीकत त्यानें पुस्तकाच्या आरंभीं पद्यांत स्वतःच मांडिली आहे. लेखकानें आपले विरोधक असे उंबरठ्यावरच बसविलेले आम्हीं क्वचितच पाहिले आहेत.

१६७८ सालीं लंडनच्या नथॅनिएल पाँडर यानें तें छापिलें. किंमत दीड शिलिंग. त्याच वर्षीं दुसरी आवृत्ति निघाली, तींत बनियननें भर घातली. आज सर्वांस ठाऊक असलेला संसारी शहाणपणाचा गृहस्थ पहिल्या आवृत्तींत नव्हताच! पुढें एवढ्या अडाण्याला हें कसें साधलें, पुस्तक दुसऱ्याचें असावें, अशी कुजबुज उठली. तेव्हां १६८२ च्या आपल्या एका ग्रंथांत, वस्तु व शैली दोन्ही माझींच, असें त्यानें स्पष्ट लिहिलें.

१६८८ च्या ऑगस्टांत एका बापलेकांचें भांडण मिटवून तो घोड्यावरून लंडनास येत असतां पावसांत भिजला, तापानें पडला व वारला. तोंवर पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या झाल्या होत्या. १८४१ सालीं हरि केशवजी यांनीं तें ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें मराठींत आणिलें.