सोबतीचे पुस्तक

परवा माझी भाची घरी आली ती तोंड पाडूनच. इंग्रजी वाङ्मय घेऊन ती एम. ए. करते आहे. दोन पुस्तकांची तुलना करणारा निबंध लिहायचा होता. एक पुस्तक नेमून दिलेले, मेरी शेलीचे ‘फ्रँकेन्स्टाइन’. जोडीचे दुसरे आपले आपण निवडायचे. तिने ‘ड्रॅक्युला’ निवडले. दोन्ही भयकथा, दोन्ही गाजलेल्या, दोन्हींवर सिनेमे निघालेले. पण चार पाने झाली आणि गाडी अडली. साम्ये संपली, भेद संपले, सांगण्यासारखे काही उरलेच नाही.

मी म्हटले, पुस्तके ठेव बाजूला. चहा घे आणि आधी ही मेरी कोण होती ते ऐक.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनमधला. वडील विल्यम गॉडविन हे नामांकित विचारवंत. आई मेरी वोल्स्टनक्राफ्ट हिने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणारा ग्रंथ लिहून खळबळ उडवून दिली होती. लेकीच्या जन्मानंतर अकरा दिवसांत ती गेली. मेरी चार वर्षांची असताना घरात सावत्र आई आली. पुढे सेंट पँक्रसच्या दफनभूमीत आईच्या थडग्यापाशी ही मुलगी वाचत बसे. आईचे ग्रंथही तिने वाचले. तिला आई भेटली ती अशी, छापील अक्षरांतून.

१८१४ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती विवाहित कवी पर्सी शेली याच्याबरोबर घर सोडून गेली. जगाला स्वतंत्र विचार शिकवणाऱ्या वडिलांनी, दोघांचे लग्न होईपर्यंत, म्हणजे १८१६ च्या डिसेंबरपर्यंत, लेकीचे तोंड पाहिले नाही. मधल्या काळात, १८१५ च्या फेब्रुवारीत, दिवस भरण्याआधीच तिला मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत गेली. ते बाळ शेकोटीपाशी अंग चोळल्यावर पुन्हा जिवंत झाले, असे स्वप्न पडल्याची नोंद मेरीच्या रोजनिशीत आहे.

१८१५ मध्येच इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याची राख आभाळात पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यात पावसाने कोंडलेल्या मंडळींनी ठरवले, प्रत्येकाने भुताची एक गोष्ट लिहायची. अठरा वर्षांच्या मेरीची गोष्ट वाढत वाढत कादंबरी झाली. १ जानेवारी १८१८ रोजी ती लेखिकेच्या नावावाचूनच प्रसिद्ध झाली. प्रती अवघ्या पाचशे. ती पर्सीनेच लिहिली असावी, असे अनेकांना वाटले.

कादंबरीतला व्हिक्टर मृत देहांच्या अवयवांतून एक जीव घडवतो आणि त्याने डोळे उघडताच भिऊन पळ काढतो. त्या जिवाला साधे नावही मिळत नाही. तो रानात लपून भाषा शिकतो. त्याला तीन पुस्तके सापडतात: मिल्टन, प्लुटार्क आणि गटे यांची. त्या पानांत तो स्वतःला शोधत राहतो. म्हणजे सोबतीचे पुस्तक शोधण्याचा खटाटोप मेरीने कादंबरीतच मांडून ठेवला आहे!

भाची ताठ बसली. मग मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’च घेते, म्हणाली. निवड चांगलीच होती. मी एवढेच सुचवले, की दोन पुस्तके दिसायला सारखी असून भागत नाही. दोघांनी एकच प्रश्न विचारलेला असावा आणि उत्तरे मात्र वेगळी दिलेली असावीत.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मावशी, मी तिच्या आईचे पुस्तक घेते.

हे मला सुचले नव्हते. आईच्या त्या ग्रंथात आईबापांची माया आणि आईबापांविषयीचे कर्तव्य यांवर दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. नुसता जन्म दिल्याने मुलांवर हक्क येत नाही, तो सांभाळून मिळवावा लागतो, असा त्यांचा रोख. लेकीची कादंबरी हेच सांगते; पण पुढे वाट वेगळी होते. आईचा भरवसा शिक्षणावर आणि विवेकावर. लेकीने घडवलेला जीव उत्तम ग्रंथ वाचतो, विचार करतो, तरी त्याला जवळ घेणारे कोणी नसते. नुसत्या शिक्षणाने भागते का, असा जणू लेकीचा आईला प्रश्न आहे.

मेरीचे पुढचे आयुष्यही सोपे नव्हते. आणखी दोन मुले गेली. १८२२ मध्ये पर्सी समुद्रात बुडाला. उरलेल्या एका मुलाला तिने लेखणीच्या आधारावर वाढवले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, ती लंडनमध्ये वारली.

निबंध झाला. किती गुण मिळतील ते मिळोत. माझी बहीण, या मुलीची आई, गेली तेव्हा ही तीन वर्षांची होती. तिच्या पुस्तकांचे कपाट माझ्याकडे आहे. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा आहेत. इतकी वर्षे भाचीने ते कधी उघडले नव्हते. परवा जाताना तिने किल्ली मागितली.