अंगणातली शाळा

नांदेड अथवा लातूर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात सकाळच्या वेळी फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. आयाबाया खुरपणीसाठी शेताकडे निघालेल्या असतात आणि त्यांची तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत जमत असतात. अंगणवाडी हा शब्द आता इतका रुळला आहे, की शाळेच्या नावात अंगण कोठून आले, हा प्रश्नही आपल्या मनात येत नाही. त्या नावामागे एका थोर स्त्रीचे आयुष्यभराचे परिश्रम उभे आहेत. ती स्त्री म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केसकर. घरातील वातावरण प्रार्थनासमाजाच्या सुधारक विचारांचे होते. मुलींनी चार बुके शिकणेही जेथे कौतुकाचे समजले जाई, त्या काळात ताराबाई 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी असताना त्यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निश्चय केला आणि राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापनविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. अधिकार, वेतन व मान या तिन्ही गोष्टी तेथे त्यांना लाभल्या होत्या. तथापि त्यांचे मन वेगळ्याच कार्याकडे ओढ घेत होते.

भावनगर शहरात गिजुभाई बधेका या गृहस्थांनी 1920 साली एक बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. पण बालकांच्या प्रेमापोटी त्यांनी वकिली सोडली. लोक त्यांना कौतुकाने मिशावाली आई म्हणत. त्या काळी शाळा म्हटली, की पाटी, पाढे, घोकंपट्टी आणि छडी एवढेच चित्र डोळ्यांपुढे येई. गिजुभाईंच्या बालमंदिरात छडी नव्हती. मुले आपापल्या आवडीने साधने निवडीत, गोष्टी ऐकत, गाणी गात आणि बागेत रमत. 1923 च्या सुमारास ताराबाई आपले मानाचे पद सोडून या बालमंदिरात दाखल झाल्या. पुढे 1926 साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली.

या नव्या शिक्षणाचे मूळ दूर इटलीत होते. मारिया माँटेसरी या विदुषीने 1907 साली रोम शहरातील गरीब वस्तीत एक बालगृह उघडले. तिच्या पद्धतीतील एका साधनावरून त्या शिक्षणाचे मर्म कळते. लाकडाच्या एका ठोकळ्यात लहानमोठ्या आकाराची भोके असतात आणि त्यांत नेमके बसणारे दट्टे असतात. शिक्षिका ते दट्टे काढून पुन्हा कसे बसवावयाचे, हे एकदा सावकाश दाखविते आणि बाजूला होते. मग बालक आपल्या हाताने तेच काम करू लागते. एखादा दट्टा चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्टा बसतच नाही. चूक कोणी बोलून दाखवावी लागत नाही. ती बालकाची बालकालाच उमगते आणि ते पुन्हा प्रयत्न करते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मूल जर स्वतःच शिकत असेल, तर शिक्षकाचे काम काय? छडी नसेल तर मुले शेफारतील, असे काहींना वाटत असे. उलट, स्वातंत्र्य म्हणजे मुलांना मोकळे सोडून आपण स्वस्थ बसणे, असा काहींचा समज होई. ताराबाईंच्या कार्याकडे पाहिले, तर हे दोन्ही समज चुकीचे ठरतात. मुलाने काय निवडावे, हे मूल ठरवील. परंतु निवडण्याजोग्या वस्तू त्याच्या हाताशी मांडून ठेवणे हे शिक्षिकेचे काम आहे. मूल कामात गढले असता तिने मध्ये बोलू नये. पण ते अडले, कंटाळले किंवा दुसऱ्याला त्रास देऊ लागले, तर तिने वेळीच पुढे व्हावे. कुंभार चाकावर फिरणाऱ्या मातीला बाहेरून हलका हात देतो आणि आतून आधार देतो. तो दाबून धरील, तर मडके मोडते. हात काढून घेईल, तर ते घडत नाही. बालशिक्षणाचेही तसेच आहे.

ताराबाई पुढे मुंबईस आल्या. तेथे त्यांनी 1936 साली दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. शिक्षिकांना प्रशिक्षण देणे, शिक्षणपत्रिका या मासिकातून पालकांना समजावून सांगणे ही कामे त्यांनी अखंड केली. परंतु एक विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. हे महागड्या साधनांचे शिक्षण शहरातील सुखवस्तू घरांपर्यंतच पोहोचत होते. खेड्यातील मुलांनी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या 53 व्या वर्षी, 1945 साली, त्यांनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांना अनुताई वाघ ही निष्ठावंत सहकारी लाभली. बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यातील हुजूरपागेत शिक्षिका होत्या. बोर्डीस आल्यावर त्या ताराबाईंच्या कार्याशी कायमच्या एकरूप झाल्या.

शहरातील साधने येथे परवडण्याजोगी नव्हती. तेव्हा शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले हीच साधने झाली. मोजणे, वर्गवारी करणे, लहानमोठे ओळखणे हे सारे त्यांतून साधू लागले. मुलांना हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे या गोष्टी मात्र आपणहून सुचत नव्हत्या. त्या शिक्षिकांनी स्वतः केल्या आणि करवून घेतल्या.

तरीही गावातील दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे येईनात. आईबाप कामावर गेलेले, थोरली भावंडे धाकट्यांना कडेवर घेऊन बसलेली. त्यांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्या आपल्या सहकाऱ्यांसह साधने घेऊन वस्तीत गेल्या आणि तेथल्याच एका अंगणात मुले जमविली. अंगणात भरलेली बालवाडी म्हणून ती अंगणवाडी झाली.

1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली या आदिवासी समाजाचे पाडे होते. तेथील मुले दिवसभर गुरे राखीत. म्हणून शिक्षिका साधनांसह कुरणात जाऊ लागल्या आणि कुरणशाळा जन्मास आली. थोरल्या मुलींना धाकट्या भावंडांमुळे शाळा सोडावी लागू नये, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभारण्यात आली.

भारत सरकारने 1962 साली पद्मभूषण देऊन ताराबाईंचा गौरव केला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव भारतभर गेले. अनुताईंनी 1992 साली देह ठेवीपर्यंत कोसबाडचे कार्य चालविले.

ताराबाई बोर्डीत शाळा मांडत होत्या, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांना शाळेचे दर्शनही दुर्लभ होते. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत. बोर्डीचे शिंपले आपल्याकडे नाहीत. पण चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, ज्वारीच्या धाटांच्या गाड्या आहेत, पोळ्याचे बैल घडविणारी काळी माती आहे. अंगणवाडीतील एखादे बालक चिंचोके रांगेत मांडण्यात गढून गेले असेल आणि ताई जवळ बसून नुसती पाहत असेल, तर ती रिकामी बसली आहे असे समजू नये. चिंचोके तिनेच गोळा करून, धुऊन, मुलांपुढे ठेवलेले असतात. आणि पुढे केव्हा व्हावयाचे, हे ठरविण्यासाठीच ती पाहत असते. ताराबाईंनी आयुष्यभर जे शिकविले, ते हेच.